ब्लॉकचेन : सर्वांच्या हातातली वही

भिशीची वही एकाच्या घरी राहते. म्हणूनच हिशेबाचा वाद निघाला की ‘वहीत काय लिहिले आहे’ यापेक्षा ‘वही कोणाकडे होती’ हा प्रश्न मोठा ठरतो. बिटकॉइनमुळे सर्वांच्या कानावर आलेले ब्लॉकचेन हे तंत्रज्ञान नेमके याच प्रश्नाचे उत्तर शोधते. केनियातील एका गरीब वस्तीपासून गडचिरोलीतील एटापल्लीपर्यंत सामान्य माणसासाठी त्याचा वापर कसा झाला आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा हा आढावा.

ब्लॉकचेन म्हणजे काय?

ब्लॉकचेन ही एक संगणकीय नोंदवही आहे. तिची प्रत एका कार्यालयात न राहता अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली असते. काही नोंदी जमल्या की त्यांचे एक पान, म्हणजे ‘ब्लॉक’, तयार होते. गणिती प्रक्रियेने त्या पानाचा एक डिजिटल ठसा काढला जातो. त्याला ‘हॅश’ म्हणतात. पानावरचा एखादा स्वल्पविराम बदलला तरी हा ठसा पूर्णपणे बदलतो. प्रत्येक नव्या पानावर आधीच्या पानाचा ठसा उमटवलेला असल्याने पानांची साखळी बनते. मागील एखाद्या नोंदीत कोणी गुपचूप फेरफार केला, तर पुढच्या सर्व पानांचे ठसे जुळेनासे होतात आणि इतरांकडील प्रतींशी ताडून पाहताच ही लबाडी उघडकीस येते.

या कल्पनेचे मूळ बिटकॉइनपेक्षा जुने आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या संशोधकांनी १९९१ मध्ये संगणकीय दस्तऐवजावर न पुसता येणारी काळाची मोहोर उमटवण्याची पद्धत मांडली. पुढे १९९५ पासून त्यांच्या कंपनीने असे ठसे ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापण्यास सुरुवात केली. घरोघरी गेलेले वृत्तपत्र मागाहून बदलता येत नाही, हीच त्यामागची हमी. २००८ मध्ये ‘सातोशी नाकामोतो’ या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या निबंधाने ही साखळी चलनासाठी वापरली आणि जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइन सुरू झाले. मात्र ब्लॉकचेन म्हणजे बिटकॉइन नव्हे. ते तिच्या अनेक उपयोगांपैकी एक आहे.

मोम्बासातील पर्यायी चलन

केनियातील मोम्बासा शहरात ‘बांगलादेश’ नावाची एक गरीब वस्ती आहे. अशा वस्त्यांची अडचण वेगळीच असते. भाजीवालीकडे भाजी आहे, शिंप्याकडे कसब आहे आणि दोघांना एकमेकांची गरजही आहे. पण रोख पैसा मात्र कोणाच्याच हाती नाही. यावर उपाय म्हणून विल रडिक यांच्या पुढाकाराने २०१३ मध्ये तेथील छोट्या व्यावसायिकांनी ‘बांगला-पेसा’ नावाची कागदी कुपने आपसांत वापरण्यास सुरुवात केली. काही दिवसांतच रडिक आणि वस्तीतील काही सदस्यांना अटक झाली. मात्र पुढे त्याच वर्षी हे आरोप मागे घेण्यात आले.

हाच प्रयोग पुढे ‘सराफू’ या नावाने ब्लॉकचेनवर गेला. स्वाहिली भाषेत सराफू म्हणजे चलन. त्यासाठी स्मार्टफोन लागत नाही; साध्या मोबाइलवर आकडे दाबून व्यवहार करता येतो. पैसा साठवण्यापेक्षा फिरता राहावा, म्हणून न वापरलेली शिल्लक दरमहा थोडी घटत जाईल, अशीही योजना त्यात करण्यात आली. कोविडच्या काळात टाळेबंदीमुळे रोजंदारी बुडाली, तेव्हा केनियाच्या रेडक्रॉसने नैरोबीतील मुकुरू भागात या चलनाचा आधार घेतला. जानेवारी २०२० ते जून २०२१ या काळातील नोंदी संशोधकांना खुल्या करण्यात आल्या. त्यांत सुमारे ४० हजार वापरकर्ते आणि सुमारे चार लाख व्यवहार आढळतात. आपल्याकडील बचत गटांशी नाते सांगणारे ‘चामा’ हे तेथील गट या व्यवहारांत महत्त्वाचे ठरले. यंत्रणा नवी असली तरी तिला चालना मिळाली ती गटातल्या जुन्या ओळखीतून, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

निर्वासितांचे रेशन

संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने २०१७ मध्ये पाकिस्तानातील सिंध प्रांतात छोटी चाचणी घेऊन त्याच वर्षी जॉर्डनमधील अझराक छावणीत ‘बिल्डिंग ब्लॉक्स’ हा प्रकल्प सुरू केला. तेथील सीरियन निर्वासित छावणीच्या दुकानात धान्य घेत असे आणि रोख वा कार्ड न देता डोळ्याच्या बुबुळाच्या तपासणीने ओळख पटवत असे. त्याच्या खात्यातून किती रक्कम खर्च झाली याची नोंद ब्लॉकचेनवर होत असे. प्रत्येक व्यवहारामागे बँकेला द्यावे लागणारे शुल्क त्यामुळे मोठ्या प्रमाणात वाचले. २०१८ च्या सुरुवातीस एक लाखाहून अधिक निर्वासित या व्यवस्थेत आले होते. पुढे युक्रेनमध्ये, एकाच कुटुंबाला दोन संस्थांकडून तीच मदत दोनदा जाऊ नये यासाठीही तिचा वापर झाला.

आक्षेपही घेतले गेले. वही एकाच संस्थेच्या ताब्यातील संगणकांवर असेल, तर साधी संगणकीय नोंद पुरेशी नव्हती काय, असा प्रश्न तज्ज्ञांनी विचारला. अनेक संस्थांनी मिळून वही सांभाळली तरच या तंत्राला अर्थ उरतो. शिवाय, उपाशी माणसाला बुबुळाचा ठसा नाकारण्याचे स्वातंत्र्य खरोखर असते काय, हाही प्रश्न आहेच.

एटापल्लीचा दाखला

महाराष्ट्रात या तंत्राची ओळख झाली ती प्रमाणपत्रांच्या निमित्ताने. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जातीचे दाखले ‘पॉलिगॉन’ या सार्वजनिक ब्लॉकचेनशी जोडण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. दाखल्याचा डिजिटल ठसा साखळीवर नोंदला जातो. त्यामुळे समोर आलेला कागद मूळ दाखल्याशी जुळतो की नाही, हे कोणालाही पडताळता येते.

शहरी वाचकास ही बाब किरकोळ वाटेल. पण दुर्गम भागातील आदिवासी विद्यार्थ्याचा वसतिगृहातील प्रवेश, शिष्यवृत्ती आणि नोकरी या एका कागदावर अवलंबून असते. बनावट दाखल्यावर दुसऱ्याने जागा मिळवली, तर ती कोणा खऱ्या हक्कदाराच्याच ताटातून जाते. बोगस दाखल्यांवर मिळवलेल्या लाभांना संरक्षण देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले, त्यामागेही हाच अन्याय होता.

मर्यादा कोणत्या?

ब्लॉकचेन नोंद बदलू देत नाही. पण मुळात लिहिलेली नोंद खरी आहे की नाही, हे तिला कळत नाही. सातबाऱ्यावर वारसनोंद करताना बहिणीचे नाव वगळले गेले असेल, तर ब्लॉकचेन तो अन्याय तितक्याच निष्ठेने जपून ठेवील. जातीचा दाखला अपात्र व्यक्तीस दिला गेला, तर साखळी त्यालाही ‘अस्सल’च म्हणेल. चौकशी, सुनावणी आणि अपील यांना पर्याय नाही.

दुसरी मर्यादा खासगीपणाची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने नागरिकास आपली माहिती काही परिस्थितींत पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. न पुसता येणाऱ्या वहीशी त्याचा मेळ बसणे कठीण. म्हणून व्यक्तीची माहिती साखळीबाहेर ठेवून तिचा केवळ ठसा साखळीवर नोंदणे अधिक योग्य मानले जाते. विजेच्या अफाट वापराचा आक्षेप बिटकॉइनला आजही लागू आहे. ‘इथेरियम’ने मात्र सप्टेंबर २०२२ मध्ये पद्धत बदलून आपला वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटवला. तिसरी अडचण गुप्त किल्लीची. सार्वजनिक साखळीवर स्वतः सांभाळलेली किल्ली हरवली, तर खाते उघडून देणारा शाखाधिकारी तेथे नसतो.

कसोटी काय?

भारत सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ब्लॉकचेनविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ‘विश्वस्य’ ही सरकारी सेवांसाठीची यंत्रणा सुरू केली. व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्यांची नोंदही दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार याच जातीच्या सामायिक वहीत होते. त्यामुळे यापुढे अशा योजनांच्या घोषणा वारंवार कानी पडतील.

अशा वेळी नागरिकांनी तीन प्रश्न विचारावेत. वहीच्या प्रती नेमक्या कोणाकोणाकडे आहेत? पहिली नोंद खरी असल्याची खातरजमा कोण करते? आणि नोंद चुकली, तर ती दुरुस्त करून घेण्यासाठी सामान्य माणसाने कोणाचे दार ठोठवायचे? या तिन्हींची उत्तरे मिळत असतील तर ब्लॉकचेन उपयोगाची. नसतील, तर वही फक्त नवी आणि कारभार तोच जुना.