विजयदुर्गचा धक्का, मोत्या आणि मी

मागच्या महिन्यात कॅमेरा आणि मोत्याला घेऊन विजयदुर्गला जाऊन आलो. "या वयात एकटे कशाला जाता बाबा?" असं चिरंजीव फोनवर म्हणालेच. म्हटलं, एकटा कुठे, मोत्या आहे की! त्याला गाडीत मागची खिडकी मिळाली की त्याची काही तक्रार नसते.

२०२५ साली किल्ल्याचं नाव युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून जो तो बुरुजावरून मावळतीचा फोटो काढतो. मी मात्र धक्क्यावर बसलो, खाडीकडे तोंड करून. मला वाघोटण खाडीचं नुसतं पाणी हवं होतं. आंग्र्यांचं आरमार जळालं ते या किल्ल्याजवळच्या पाण्यात.

हा धडा मी वर्षानुवर्षं शिकवला. फेब्रुवारी १७५६. अ‍ॅडमिरल वॉटसनचा समुद्रावरून मारा, जमिनीवर उतरलेला क्लाइव्ह. तुळाजी आंग्रे यांची जहाजं एकमेकांना बांधून उभी होती. एक तोफगोळा 'रिस्टोरेशन' नावाच्या जहाजावर पडला (हे जहाज मुळात कंपनीचंच, आंग्र्यांनी जिंकून घेतलेलं!), आग लागली आणि बघता बघता सगळं आरमार गेलं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. वर्षभरात हेच दोघे बंगालमध्ये होते, आणि १७५७ ची प्लासी तर सगळ्यांना पाठ आहे.

एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "सर, तेव्हा आपलं सैन्य कुठे होतं?" मी म्हटलं, "ते पुढच्या धड्यात येईल." पुढच्या धड्यात ते नव्हतं. मला ठाऊक होतं.

तुळाजी नानासाहेब पेशव्यांना जुमानत नव्हते, हे खरं. त्यांचीही बाजू काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. पण म्हणून पेशव्यांनी इंग्रजांशी करार केला. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग घेतला, मग विजयदुर्ग. आपल्या घरातलं भांडण मिटवायला शेजारच्या दरोडेखोराला किल्ली द्यावी तसं. पुढे विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला, पण त्या बदल्यात बाणकोट इंग्रजांकडे गेलं. तुळाजी मराठ्यांच्याच कैदेत वारले. किल्ला परत आला हो, पण जळालेली जहाजं कुठून आणणार?

चाळीस मुलांपुढे हे बोलायची माझी छाती झाली नाही. आपल्याच लोकांचं कसं सांगायचं, असं वाटे. असो.

पाच वाजून गेल्यावर ऊन कललं आणि पाण्यावर तांबूस झाक आली. सतरा-अठरा फोटो काढले. मध्येच मोत्या एका खेकड्यामागे धावला, त्यामुळे त्यातल्या चारांत त्याचं शेपूट आलंय. खाली लावलेला फोटो त्यातलाच, कारण नेमका त्यातच उजेड चांगला पडलाय.

तो मुलगा आता पन्नाशीचा असेल. कुठे असतो ठाऊक नाही. चुकून हे वाचत असलास तर, बाळा, आपलं सैन्य तिथेच होतं, किल्ल्याबाहेर. इंग्रजांच्या बाजूने.