पहिलटकरीण

मराठी भाषेंत कांहीं शब्द असे आहेत कीं, त्यांच्या पोटांत एक सबंध संसार सांठवलेला असतो. 'पहिलटकरीण' हा त्यांपैकीं एक होय. जी स्त्री पहिल्यानेंच गर्भार राहिली ती पहिलटकरीण. पहिल्या खेपेची गोष्ट निराळी, तिची भीति निराळी आणि तिचें कौतुकही निराळें, हें आमच्या आज्यापणज्यांनीं ओळखलें होतें. म्हणूनच त्यांनीं तिला हें स्वतंत्र नांव दिलें. परंतु ज्या भाषेनें हा शब्द घडविला, त्याच भाषेच्या इतिहासग्रंथांत पहिलटकरणीला स्वतःच्या तोंडानें बोलतांना शोधूं गेलें, तर हातीं फारच थोडें लागतें. राजांचे जन्म आपणांस तिथिवार ठाऊक आहेत. त्यांच्या मातांचे नऊ महिने मात्र अंधारांत आहेत. या अंधारांत थोडेंसें चांचपून पाहावें, व तें करतांना गोदावरी आणि मांजरा या दोन नद्यांच्या कांठचा, म्हणजे नांदेड-लातूरकडचा, मुलूख डोळ्यांपुढें ठेवावा, असा आमचा हेतु आहे.

प्रारंभ आशादायक आहे. गोदावरीच्याच कांठीं, नांदेडाच्या बऱ्याच वर, प्रतिष्ठान म्हणजे आजचें पैठण येथें सातवाहनांची राजधानी होती. त्या कुळांतील हाल राजाच्या नांवावर 'गाथासप्तशती' हा प्राकृत गाथांचा संग्रह आहे. त्यांत एका पहिलटकरणीचें चित्र आलें आहे. तिला पहिल्यानेंच डोहाळे लागले आहेत. मैत्रिणी भोंवतीं जमून तुला काय काय आवडतें म्हणून विचारीत आहेत. ती भोळी पोर उत्तर देत नाहीं; तिची दृष्टि तेवढी नवऱ्याकडे वळते. सारें मिळून दोन ओळींचें काम. पण लाज, ओढ, आणि आपल्याला काय झालें आहें हें नीटसें न उमगल्याचा गोंधळ, हें सारें तींत आहे. मराठीच्या पूर्वज भाषेंत पहिल्या गर्भारपणाचें याहून जिव्हाळ्याचें चित्र आमच्या पाहण्यांत नाहीं. तरीही लक्षांत घ्यावें कीं, येथेंही ती बोलत नाहीं. तिच्याकडे पाहणारा कवि बोलतो.

'डोहाळा' हा शब्दही याच वाटेनें आपणांकडे आला आहे. सुश्रुतसंहितेचें म्हणणें असें कीं, चौथ्या महिन्यांत गर्भाचें हृदय व्यक्त होतें आणि त्यामुळें स्त्री दोन हृदयांची होते. तिच्या इच्छा म्हणजे त्या दुसऱ्या हृदयाच्याही इच्छा. त्या न पुरविल्यास अपत्य व्यंग होतें, अशी भीतिही तेथें घातली आहे. आजचें वैद्यक ही भीति मान्य करीत नाहीं. परंतु तिचा व्यावहारिक परिणाम सुनांच्या हिताचाच झाला असला पाहिजे. एरवीं जिनें पानांत पडेल तें मुकाट्यानें खावें, तिला चार महिने तरी 'काय हवें' असें विचारलें गेलें. चरकसंहितेंतील सूतिकागाराचें वर्णनही मननीय आहे. ज्यांना पुष्कळ मुलें झालीं आहेत, ज्या प्रेमळ आणि कुशल आहेत, अशा स्त्रिया बाळंतिणीजवळ असाव्यात व त्यांनीं तिला धीर द्यावा, असें तेथें सांगितलें आहे. कळा येत असतां तिच्याकडून मुसळानें कांडण करवावें, असें त्या काळीं कोणी म्हणत असत. आत्रेय तें साफ नाकारतात व तिला असे कष्ट देऊं नयेत असें बजावतात. ज्या गोष्टीचा निषेध करावा लागतो ती कोठें तरी चालू असतेच. तेव्हां ग्रंथांतील ही एक नापसंति म्हणजे कांडणाला लाविलेल्या कित्येक अनामिक पहिलटकरणींचा पुरावाच होय.

यानंतर इतिहास राजघराण्यांकडे वळतो आणि स्त्री पडद्याआड जाते. राष्ट्रकूट राजे आपणांस 'लट्टलूर' नगराचे स्वामी म्हणवीत. तें लट्टलूर म्हणजे आजचें लातूर. त्या वंशांतील तिसरा गोविंद उत्तरेच्या दिग्विजयावरून परतत असतां श्रीभवन नांवाच्या ठिकाणीं पावसाळ्यासाठीं थांबला व तेथें सुमारें इ. स. ८०० त अमोघवर्षाचा जन्म झाला, असें ताम्रपटावरून कळतें. परंतु सैन्याच्या तळावर दिवस भरलेल्या राणीला काय सोसावें लागलें, हें ताम्रपटाला सांगावेंसें वाटलें नाहीं. जिजाबाईंचेंही तसेंच. शिवरायांच्या वेळच्या त्यांच्या डोहाळ्यांचीं वर्णनें पुढील लेखकांनीं मोठ्या हौसेनें रंगविलीं. त्यांना म्हणे किल्ले आणि तलवारी हव्याशा वाटत. पण १६३० सालीं शिवनेरीवर जन्मलेले शिवराय हें त्यांचें पहिलें अपत्य नव्हे. थोरले संभाजीराजे आधींच जन्मले होते. म्हणजे जिजाबाई ज्या वेळीं खरोखर पहिलटकरीण होत्या, त्या वेळच्या डोहाळ्यांचें कोणालाच अगत्य नाहीं. मुलगा थोर निघाला म्हणजे मागाहून आईला डोहाळे लागतात, असाच याचा अर्थ.

देवादिकांतही हाच प्रकार. नांदेड जिल्ह्यांतील माहूर हें मातांचेंच क्षेत्र. एका शिखरावर परशुरामाची माता रेणुका, दुसऱ्यावर दत्तात्रेयाची माता अनसूया. एकीची कथा मुलाच्या हातून मस्तक उडण्याची, दुसरीची तीन देवांची बाळें करून त्यांना पाजण्याची. मातृत्वाचें दुःख आणि मातृत्वाचा पराक्रम दोन्ही येथें पूज्य ठरले. मधले नऊ महिने मात्र कथेंतून सुटले.

ग्रंथांनीं जें टाकलें तें घरानें सांभाळलें. तिसऱ्या महिन्यापर्यंत बातमी चारचौघींतच ठेवावयाची, मग गुपचूप चोरचोळी करावयाची, सातव्या महिन्यांत ओटी भरून डोहाळजेवण घालावयाचें, हिरवें लुगडें, फुलांचे दागिने, झोपाळा, आणि झांकलेल्या दोन वाट्यांपैकीं एक उघडून पेढा कीं बर्फी हें पाहण्याची गंमत! पहिलें बाळंतपण माहेरीं, हाही दंडक. त्यांत मोठें शहाणपण आहे. सासरीं जी पोर उंबऱ्यावर बसण्यासही भीत असे, तिला माहेरीं कण्हण्याची तरी मोकळीक मिळे. प्रसूतीनंतर शेक-शेगडी, ओवा, डिंकाचे व अळिवाचे लाडू, खारीक-खोबरें, हा सारा थाट आईच्या देखरेखीखालीं चाले. परंतु या घरगुती शास्त्राची दुसरी बाजू झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. फार खाल्लें तर मूल मोठें होऊन अडेल, म्हणून गर्भारशीचें खाणें आंखडावयाचें. ग्रहणांत तिला अंधाऱ्या खोलींत निश्चल बसवावयाचें. बाळंतिणीची खोली म्हणजे घरांतील सर्वांत कोंदट जागा, तिला खिडकी नाहीं आणि दारावर गोणपाटाचा पडदा. कौतुक आणि कोंडमारा हीं एकाच घरांत नांदत होतीं.

आणि या साऱ्यांत जिचें नांव कोणी घेत नाहीं ती सुईण. महाराष्ट्रांत पुष्कळ गांवीं हें काम मातंग समाजांतील स्त्रियांकडे असे. ज्या घराच्या ओसरीवर एरवीं तिला पाय ठेवतां येत नसे, त्या घराच्या आंतल्या खोलींत तिला मध्यरात्रीं हात धरून आणीत. बाळाला या जगांत पहिला स्पर्श तिचा. बाळ रडलें, नाळ कापली, कीं तिच्या हातावर थोडें धान्य व एखादें जुनेर पडे आणि पुनः ती अस्पृश्य होई. अस्पृश्यतेचा एवढा मोठा विसंवाद दुसऱ्या कोणत्याही प्रसंगीं इतका उघडा पडत नसेल. तिच्या हातांत अनुभव होता, धीर होता. नव्हतें तें एकच, जंतूंचें ज्ञान. पण तें त्या काळीं भल्याभल्यांना नव्हतें. व्हिएन्ना येथील प्रसिद्ध प्रसूतिगृहांत विद्यार्थी प्रेतें चिरून तेच हात घेऊन बाळंतिणींकडे जात व त्या सूतिकाज्वरानें पटापट मरत. सन १८४७ मध्यें सेमेलवाइस यानें क्लोरिनच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम केला आणि मृत्यु झपाट्यानें उतरले. तरी युरोपांतील अनेक प्राध्यापकांनीं त्याला वेड्यांत काढलें. तेव्हां आमच्या सुईणीला अडाणी म्हणतांना जीभ थोडी आवरलेली बरी.

पांचवीची पूजा आणि सटवाई यांचा उलगडाही आम्हांस याच दिशेनें करावासा वाटतो. पांचव्या-सहाव्या रात्रीं सटवाई येते, बाळाच्या कपाळीं लेख लिहिते, म्हणून त्या रात्रीं जागावयाचें. आणि बाराव्या दिवसापर्यंत नांव ठेवावयाचें नाहीं. आतां असें पाहा कीं, विळ्यानें किंवा मळकट पात्यानें नाळ कापल्यास बाळाला जो धनुर्वात होतो तो बहुधा पहिल्या आठवड्याच्या आगेंमागेंच प्रकट होतो. ज्या बाळांचीं दांतखीळ बसे तीं त्याच दिवसांत जात. सटवाईचा लेख म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या आयांनीं मोजून ठेवलेले धोक्याचे दिवस असावेत, हें आमचें अनुमान आहे. आयांनीं दिवस अचूक ओळखले होते. कारण मात्र देवीच्या माथीं मारलें. कारण सांपडल्यावर उपाय सांपडला. आईला लस आणि नाळेला स्वच्छ पातें, एवढ्यावर तो रोग हटला व सन २०१५ मध्यें माता आणि नवजात यांच्या धनुर्वाताचें भारतांतून निर्मूलन झाल्याचें जाहीर झालें.

पहिलटकरणीचें दुःख ज्ञानाकडे कसें वळूं शकतें, याचें आपल्याकडील सर्वांत थोर उदाहरण आनंदीबाई जोशी यांचें. वयाच्या चौदाव्या वर्षीं त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत तो गेला. वेळीं योग्य उपचार मिळाले असते तर तो वांचता, हें शल्य उराशीं घेऊन ही मुलगी १८८३ सालीं अमेरिकेस गेली, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत शिकली आणि १८८६ सालीं डॉक्टर झाली. तिनें प्रबंधासाठीं निवडलेला विषय होता आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र! सातासमुद्रांपलीकडे बसून ती आपल्याच आज्यापणज्यांच्या सूतिकागाराचा अभ्यास करीत होती. १८८७ च्या फेब्रुवारींत ती वारली, तेव्हां बावीसही पुरीं झालीं नव्हतीं.

या जागृतीचा वारा ब्रिटिश मुलखांत वाहिला. मराठवाडा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. १८९१ चा संमतिवयाचा कायदा व १९२९ चा सारडा कायदा हे ब्रिटिश हिंदुस्थानापुरते होते. मुंबई कायदेमंडळांत कामकरी स्त्रियांना बाळंतपणाची रजा व भत्ता देणारें बिल आलें, तेव्हां १९२८ सालीं डॉ. आंबेडकरांनीं त्यास पाठिंबा दिला आणि पुढील वर्षीं तो कायदा झाला; पण तो कायदा मुंबई इलाख्याच्या वेशीशींच थांबला, नांदेडाच्या उस्मानशाही गिरणीपर्यंत पोंचला नाहीं. खुद्द हैदराबादेंत काय स्थिति होती? १९४९ सालीं निजामाची सून राजकन्या निलोफर हिची एक आवडती दासी बाळंतपणांत दगावली. तो घाव निलोफरला लागला व तिच्या प्रयत्नांतून तिच्याच नांवाचें स्त्रिया व बालकांचें रुग्णालय १९५३ त उभें राहिलें. राजवाड्याच्या सावलींत ही कथा, तर कंधार-औशाच्या खेड्यांत काय असेल याची कल्पनाच करावी. १९४६ च्या भोर समितीनें ब्रिटिश हिंदुस्थानासाठीं दर हजार जन्मांमागें सुमारें २० मातांचा मृत्यु असा अंदाज दिला होता. २०१८ ते २०२० या काळांत भारतासाठीं तो आंकडा दर लाखामागें ९७ व महाराष्ट्रासाठीं ३३ असा निघाला. पाऊणशें वर्षांत मृत्यूचें हें माप हजारावरून लाखावर गेलें, ही आमच्या मतें स्वराज्याच्या इतिहासांतील थोर विजयांपैकीं एक गोष्ट होय. तिचा उत्सव मात्र कोणी करीत नाहीं.

नांदेडास १९८८ त व लातुरास २००२ त शासकीय वैद्यकीय महाविद्यालयें निघालीं. २००५ पासून आशा कार्यकर्ती दारोदार जाऊं लागली. जुन्या सुईणीच्या वाटेनेंच, पण हातीं नोंदवही व लोहाच्या गोळ्या घेऊन. तरी निश्चिंत होण्याचे दिवस आले नाहींत. २०२३ च्या ऑक्टोबरच्या आरंभीं नांदेडच्या शासकीय रुग्णालयांत एका अहोरात्रांत २४ रोगी दगावले, त्यांत १२ नवजात अर्भकें होतीं. त्या बारा मातांपैकीं कित्येक पहिलटकरणी असतील. त्यांच्यासाठीं आंकड्यांची सरासरी हा कांहीं दिलासा नव्हे.

येथें आमच्या मनांत एक विचार येतो. घरानें पहिलटकरणीला सोबत दिली, पण प्राण वांचविण्याची विद्या दिली नाहीं. रुग्णालयानें विद्या दिली. पण तेथील गर्दींत तिच्या हातावर हात ठेवून 'घाबरूं नको' म्हणणारी बाई पुष्कळदां दाराबाहेर उभी राहते. चरकानें ज्या प्रेमळ अनुभवी स्त्रिया सूतिकागारांत बोलाविल्या होत्या, त्यांना आज तपासणीच्या खोलींत जागा हवी आहे. दोहोंचा मेळ घालणें अशक्य नाहीं, व त्यास पैसाही फारसा लागत नाहीं.

दुसरें मागणें आमच्या वाचक भगिनींकडे आहे. आपल्या घरांत एखादी आजी, मावशी, आत्या असेल. तिला तिच्या पहिल्या खेपेची हकीकत विचारा व लिहून ठेवा. कोणत्या महिन्यांत कळलें, पहिल्यानें कोणाला सांगितलें, रात्रीं कशाची भीति वाटे, सुईण कोण होती व तिचें नांव काय होतें. ताम्रपटांत हें मिळणार नाहीं आणि बखरींतही नाहीं. दोन हजार वर्षांपूर्वीं गोदाकांठीं मैत्रिणींनीं एका मुलीला 'तुला काय हवें' म्हणून विचारलें होतें. प्रश्न आजही तोच योग्य आहे. फक्त विचारल्यावर उत्तरासाठीं थोडें थांबलें पाहिजे.