आवाज कुणाचा?

इतिहासकारांनी मुदखेडवर कुणाकुणाचं राज्य होतं ते लिहून ठेवलं. आवाजांचं राहून गेलं. वास्तविक गावावर खरी हुकमत आवाजांचीच. निजामाची राजवट १९४८ साली गेली, पण त्याच्या रेल्वेची शिट्टी राहिली.

हैदराबाद–मनमाड मीटरगेज १९०० च्या सुमारास इथून गेली. पुढं आदिलाबादचा फाटा निघाला आणि आमचं जंक्शन झालं. जंक्शन म्हणजे रात्रभर शंटिंग! डबे एकमेकांवर आदळत, इंजिन सुस्कारे टाकी. पण याबद्दल कुणी तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही. उलट गाडी लेट झाली की आमची आजी दचकून उठायची. "शिट्टी का न्हाई झाली गं बाई?"

तक्रार जन्मली ती लाऊडस्पीकरबरोबर. सत्यनारायण घरात आणि कर्णा लिंबावर! तरी तेव्हा मामला तोंडी असे. शेजारचे काका दारात येऊन म्हणत, "कथा पाठ झाली, आता प्रसाद तरी पाठवा." प्रसाद गेला की प्रकरण मिटे.

मग डीजे आला. सनईवाला निदान जेवायला थांबे, बँडवाल्याचा दम संपे. या यंत्राला फुफ्फुसंच नाहीत. कायदा मात्र २००० सालीच झालेला. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आता साधं बोलणंच साठाच्या घरात जातं. आमच्याकडं तर गुपितसुद्धा त्याहून वर सांगतात.

तक्रारदाराचं नाव फोडू नका, असं मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलं. निर्णय उत्तमच, मुंबईसाठी तर फारच उत्तम. गेल्या लग्नसराईत खिडक्या थरथरायला लागल्या, वडिलांची छाती धडधडायला लागली, तेव्हा मी ११२ लावला. पोलिसांनी माझं नाव कुणालाही सांगितलं नाही. गरजच नव्हती. अख्खी गल्ली मांडवात नाचत होती. घरात झोपायला आम्हीच तेवढे!

वडील जन्मभर रेल्वेत. शंटिंगच्या दणक्यात गाढ झोपलेला माणूस. मी विचारलं, "दादा, तेव्हा कसं चालायचं?"

छातीवरचा हात न काढता म्हणाले, "अरे, गाडी निघून जायची. हे दारातच हुबं ऱ्हातंय."

दुसऱ्या दिवशी नवरदेवाचे वडील लाडवांचा डबा घेऊन आले. "सर, दादांची तब्येत कशी हाय आता?" बराच वेळ बसले. फोनाबद्दल चकार शब्द काढला नाही. उठताना म्हणाले, "पुढल्या महिन्यात धाकट्याचं हाय. दादांना घेऊन यायचं बरं का."