वसईचा वेढा आणि युद्धाची बातमी

पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना युद्धाचं वार्तांकन शिकवायचं असलं की आम्ही त्यांना आधी वसईच्या किल्ल्यात नेतो. सान सेबास्तियन बुरुजापाशी उभं करतो आणि विचारतो, १७३९च्या मे महिन्यात इथे काय झालं? बहुतेकांना एकच गोष्ट आठवते: किल्ला पडेना, तेव्हा चिमाजी अप्पांनी आपलं मस्तक तोफेने आत उडवायला सांगितलं. मग आम्ही विचारतो, हे पाहिलं कुणी? लिहिलं कुणी आणि कधी? इथून खरा अभ्यास सुरू होतो.

पहिला धडा तारखेचा. शरणागतीचा दिवस पोर्तुगीजांच्या पंचांगात १६ मे, तर मुंबईच्या इंग्रजांच्या पंचांगात ५ मे. दोघेही खरंच बोलतात. इंग्रजांनी १७५२पर्यंत जुनी कालगणना चालवली, म्हणून ११ दिवसांचा फरक. म्हणजे दोन कागद जुळले नाहीत म्हणून लगेच कुणाला खोटं ठरवू नये.

दुसरा धडा आकड्यांचा. तटाखाली सुरुंग भरले होते. काही वेळेवर उडाले, एक उशिरा उडाला आणि हल्ला चढवणारे आपलेच लोक त्यात सापडले. ग्रँट डफ लिहितो की मराठ्यांनी पाच हजारांवर माणसं मेल्या-जखमी झाल्याचं कबूल केलं. किल्ल्यातल्यांचं नुकसान आठशेचं. जिंकलेल्या पक्षाने स्वतःची एवढी मोठी हानी मान्य केली, म्हणून त्या विजयावरचा आपला विश्वास उलट वाढतो. नुकसान लपवणारी बातमी त्या दिवशी बरी वाटते, पुढे तिचा पुरावा म्हणून काही उपयोग राहत नाही.

तिसरा धडा गप्प राहिलेल्यांचा. अप्पांची पत्रं आहेत, पोर्तुगीजांचे कागद आहेत, इंग्रजांचा पत्रव्यवहार आहे. पण वेढ्याच्या काळात इथल्या कोळ्यांनी, भंडाऱ्यांनी, ख्रिस्ती शेतकऱ्यांनी काय सोसलं, ते त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळत नाही. त्यांना विचारायला कुणी गेलंच नव्हतं. आज ते काम तुमचं आहे.

हे सगळं जुनं वाटेल. पण मे २०२५मध्ये भारत-पाक संघर्ष चालू असताना काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगितलं. ते खोटं निघालं. त्याआधी २००८च्या मुंबई हल्ल्याच्या थेट प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये कसाबच्या निकालात कडक ताशेरे ओढले होते: कमांडो कुठे आहेत, हे पडद्यावर दिसत होतं. म्हणजे चूक दोन्हीकडून होते. एकाने न घडलेलं सांगितलं, दुसऱ्याने घडत असलेलं नको त्या वेळी दाखवलं.

म्हणून परतताना आम्ही मुलांना एवढंच लिहायला सांगतो: आज आपण स्वतः काय पाहिलं, काय नुसतं ऐकलं, आणि कोणाला विचारायचं राहून गेलं. पहिल्या खेपेला तिसरा रकाना बहुतेक रिकामाच येतो. तो भरेपर्यंत आम्ही पुन्हा पुन्हा लिहायला लावतो.