मामाची मुलगी नवरी, मग आत्याची मुलगी बहीण का?

१/ जुन्या मराठी घरांत सून सासऱ्यांना ‘मामंजी’ म्हणे आणि सासूला ‘आत्याबाई’. सासू ही आत्या कशी? नवरा आत्याचा मुलगा असेल तरच! म्हणजे मुलाने मामाची मुलगी करावी, ही रीत या संबोधनांत गोठून राहिली आहे. आजचा धागा याच रीतीवर, आणि ‘लग्नासाठी फार जवळचे नाते कोणते’ या प्रश्नावर. #इतिहास #नातेव्यवस्था

२/ आधी एक साधा हिशेब. चुलतबहीण, मावसबहीण, आतेबहीण आणि मामेबहीण या चौघींशी आपले रक्ताचे अंतर सारखेच असते. चौघींशी आपला आनुवंशिक वाटा सरासरी एक-अष्टमांश. तरीही अनेक मराठी जातींत पहिल्या दोघी बहिणीच मानल्या गेल्या, तिसरी बहुधा वर्ज्य ठरली आणि चौथी मात्र हक्काची नवरी! हा भेद रक्ताने केलेला नाही, हे उघड आहे.

३/ हा वाद फार जुना आहे. बौधायन धर्मसूत्रात दक्षिणेकडील पाच विशेष आचार सांगितले आहेत. त्यांत मामाच्या व आत्याच्या मुलीशी विवाह येतो. उत्तरेचेही पाच आचार दिले आहेत, त्यांत समुद्रप्रवास व शस्त्रव्यवहार आहेत. एका प्रदेशाचा आचार दुसऱ्या प्रदेशात केल्यास दोष लागतो, असे तेथे म्हटले आहे.

४/ महाभारतातही हाच पेच आहे. कुंती ही वसुदेवाची बहीण. म्हणून सुभद्रा ही अर्जुनाची मामेबहीण. पुढच्या काळातील शास्त्रकारांना हा विवाह अडचणीचा वाटला. मीमांसक कुमारिल भट्टांनी सुभद्रेचे नातेच वेगळ्या रीतीने समजावण्याचा प्रयत्न केला. उलट माधवाचार्यांच्या पराशरमाधवीयात मातुलकन्येशी विवाहाचे विस्तृत समर्थन आढळते.

५/ आता ‘सपिंड’ हा शब्द पाहू. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या (इ. स. १०७६–११२६) काळात विज्ञानेश्वरांनी मिताक्षरा लिहिली. त्यांच्या मते पिंड म्हणजे देह. ज्यांच्यात एकाच पूर्वजाच्या देहाचा अंश आहे ते सपिंड. बंगालच्या जीमूतवाहनांनी दायभागात पिंड म्हणजे श्राद्धातील पिंड असा अर्थ लावून वारसाहक्काची मांडणी केली.

६/ विज्ञानेश्वरांना आपल्या व्याख्येतील अडचण ठाऊक होती. या अनादि संसारात असा अंश शोधत गेलो, तर कोणीही कोणाचाही सपिंड ठरेल! म्हणून मर्यादा घालावी लागते : पित्याकडून सात पिढ्या, मातेकडून पाच. म्हणजे ही रेघ निसर्गाने आखलेली नाही, शास्त्राने आखली आहे, हे त्या थोर टीकाकारानेच मान्य केले होते.

७/ या रेघेनुसार मामाची मुलगी स्पष्टपणे सपिंड ठरते. तरीही दख्खनमध्ये हे विवाह होतच राहिले. मराठा, कुणबी आणि देशस्थ ऋग्वेदी ब्राह्मणांत ते रूढ होते, चित्पावनांत निषिद्ध. मराठ्यांत शिवाय देवक पाहिले जाई : ज्यांचे देवक एक, त्यांची सोयरीक नाही. एकाच गावात शेजारच्या दोन घरांचे नियम वेगळे!

८/ हे असे का? इरावती कर्वे यांनी १९५३ साली ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात भारताचे नातेव्यवस्थेनुसार विभाग पाडले. उत्तरेत मुलगी शक्यतो परक्या घरी व दूर द्यायची. दक्षिणेत ओळखीच्या घराशीच नाते पुन्हा पुन्हा जोडायचे. महाराष्ट्र या दोहोंच्या सांध्यावर आहे. म्हणून आपल्याकडे मामाचे घर खुले आणि आत्याचे बंद.

९/ आत्याचे घर बंद असण्यामागे देण्याघेण्याची दिशा आहे. ज्या घरी मुलगी दिली, त्या घराचा मान वरचा. तिचीच मुलगी माहेरी सून म्हणून आणली, तर मानाचा प्रवाह उलटा वाहू लागतो. नियम पाळला जातो तो घराण्यांच्या या क्रमासाठी.

१०/ पण राजकारणापुढे नियमही वाकतात. छत्रपती शिवाजी महाराज व सईबाई यांची कन्या सखुबाई, फलटणच्या महादजी नाईक निंबाळकरांना दिली गेली. महादजी हे सईबाईंचे बंधू बजाजी यांचे पुत्र. म्हणजे महादजींनी आतेबहिणीशीच विवाह केला! विजापूर दरबारी धर्मांतर घडून पुढे स्वधर्मात परतलेल्या बजाजींना या सोयरिकीने समाजात पुन्हा स्थान मिळाले, असे परंपरा सांगते.

११/ आधुनिक कायद्याने रेघ पुन्हा आखली. १९४६ च्या कायद्याने सगोत्र विवाहावरील बंदी दूर झाली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सपिंडाची मर्यादा पित्याकडून पाच व मातेकडून तीन पिढ्यांवर आली. वधू-वर स्वतः पहिली पिढी धरली जाते. भाऊ-बहिणीची अपत्येही निषिद्ध नात्यांच्या यादीत आली. मात्र ‘रूढी अनुमती देत असेल तर’ असा अपवाद ठेवला गेला. मामाची मुलगी कायद्यात शिरली ती या दारातून.

१२/ ही केवळ जुनी कुतूहलाची गोष्ट नाही. २००७ साली हरियाणात एका तरुण जोडप्याची हत्या झाली. कारण एकच : दोघांचे गोत्र एक होते. त्यांचा विवाह कायद्याने निषिद्ध नव्हता. २०१० मध्ये कर्नालच्या न्यायालयाने मुलीच्या नातेवाइकांना दोषी ठरवले. पण ते दोन जीव परत आले नाहीत.

१३/ तुलना करा. ज्यांचा समान पूर्वज कोणत्या पिढीत होता हेही सांगता येणार नाही, अशा दोघांना ‘बहीण-भाऊ’ ठरवून मारले गेले; आणि आपल्याकडे सख्ख्या मामाच्या मुलीशी लग्न मंगल मानले गेले. आनुवंशिक आजारांचा वाढीव धोका मात्र या दुसऱ्या विवाहातच असतो.

१४/ तात्पर्य : ‘जवळचे नाते’ रक्त मोजून ठरलेले नाही. कोणाला आपले म्हणायचे, कोणाकडे मुलगी द्यायची आणि कोणापुढे वाकायचे, यावरून ते ठरले. माणसांनी आखलेली ही रेघ माणसांनीच अनेकदा पुसून पुन्हा आखली आहे. तिच्यासाठी कोणाचा जीव घेण्याचा अधिकार कोणालाही नाही.

१५/ आता आपल्या आजीला एकदा विचारा : ती सासूबाईंना काय म्हणत असे? उत्तर ‘आत्याबाई’ असेल, तर हा इतिहास आपल्याच घरात बोलला जात होता. उत्तर खाली जरूर लिहा.