टपाल कचेरीवरचा आदिलशाही घुमट

माझे आजोबा जहाजावर खलाशी होते. मुंबईच्या बंदराला लागले की ते आधी बोरीबंदरच्या जीपीओत जात आणि रत्नागिरीकडे मनीऑर्डर करत. कुपनावरच्या दोन ओळी पोस्टमन आजीला वाचून दाखवी. म्हणून जीपीओला मी कधी नुसती इमारत मानलं नाही.

पण मुंबईची व्हिक्टोरिया काळातली टपाल कचेरी ही नव्हे. ती हुतात्मा चौकाजवळ, १८६९ ते १८७२ दरम्यान बांधलेली. पुढे तिथं तार कचेरी आली. तिची घडण मध्ययुगीन इटलीच्या वळणाची. इथल्या मातीची खूण तिच्यावर फारशी दिसत नाही. दरम्यान टपाल गोरगरिबांपर्यंत पोचत होतं. १८५४ साली देशभर अर्ध्या आण्यात पत्र, १८७९ ला पाव आण्याचं पोस्टकार्ड, १८८० ला टपालातून मनीऑर्डर. चाकरमान्यांची कमाई आता पोस्टमनच्या थैलीतून गावाकडे जाऊ लागली.

कामाचा पसारा वाढला. १९०४ मध्ये नव्या इमारतीचं काम सुरू झालं आणि १९१३ मध्ये ते पुरं झालं. वास्तुविशारद जॉन बेग यांनी या वेळी नमुना घेतला तो विजापूरच्या गोल घुमटाचा, म्हणजे १६५६ च्या मुहम्मद आदिलशाहच्या मकबऱ्याचा. काळा बेसॉल्ट, कुर्ल्याचा पिवळा दगड, ध्रांगध्र्याचा पांढरा दगड आणि मधोमध ६५ फूट व्यासाचा घुमट. विजापुरात घुमटाखाली कबरी आहेत, इथं खिडक्यांपुढे माणसांच्या रांगा.

याने हुरळून जायचं कारण नाही. परक्या सत्तेला देशी चेहरा हवा होता, म्हणून तिनं तो उसना घेतला. कारभारात मात्र देशी माणसाला वाटा देताना तिचा हात आखडताच राहिला. तरीही ‘हे सगळं इंग्रजांनी दिलं’ असं म्हणणं अपुरं आहे. या घुमटाची कल्पना दख्खनची आहे.

आज आदिलशाहीला ‘परकी’ म्हणणारी माणसंही त्याच घुमटाखाली पत्र घेऊन उभी असतात. त्यांना हिणवावं असं मला वाटत नाही. फक्त आपला नंबर येईपर्यंत एकदा मान वर करून बघा, एवढंच सांगावंसं वाटतं. आजीनं तो घुमट कधी पाहिला नाही, पण तिची चूल त्याच्याखालून आलेल्या पैशांवर पेटत असे.