केंब्रिजची गणिती प्रयोगशाळा

प्रयोगशाळा म्हटली की काचेच्या नळ्या, तराजू, शेगड्या आणि सूक्ष्मदर्शक ही सामग्री आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. जेथे यांपैकी काहीच नाही, जेथे केवळ आकडे आत जातात आणि आकडेच बाहेर येतात, अशा जागेस प्रयोगशाळा म्हणावे काय? १९३७ साली केंब्रिज विद्यापीठाने या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी दिले आणि 'गणिती प्रयोगशाळा' या नावाची एक लहानशी संस्था काढली. हवामान, रोगांच्या साथी, पूल, औषधे आणि तारे यांची आकड्यांतील प्रतिमाने रचून त्यांवर प्रयोग करणाऱ्या संस्था आज जगातील अनेक विद्यापीठांत आहेत. त्या सर्वांच्या पूर्वजांत या संस्थेची गणना करावी लागेल. म्हणून तिचा इतिहास पाहणे म्हणजे एका नव्या प्रकारच्या ज्ञानाचे बालपण पाहणे होय.

प्रतिमान म्हणजे काय, हे महाराष्ट्राला अगदीच नवे नाही. पंचांग हे एक प्रतिमानच आहे. ग्रहांच्या गतीविषयी काही नियम गृहीत धरावयाचे, त्यांवरून गणित करावयाचे आणि अमुक दिवशी अमुक ग्रह कोठे दिसेल हे आगाऊ सांगावयाचे, ही त्याची रीत. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' रचून हे गणित सोपे केले. पुढे शतके लोटली, गणित चालूच राहिले, पण आकाश हळूहळू त्याच्यापासून दूर सरकले. तेव्हा एकोणिसाव्या शतकात केरूनाना छत्रे यांच्यासारख्या विद्वानांनी असा आग्रह धरला की, गणिताने आकाशाशी जुळले पाहिजे. गणितातील बेरीज-वजाबाकी बरोबर असणे वेगळे आणि ते गणित सत्य असणे वेगळे. हा भेद ध्यानात ठेवून आपण केंब्रिजकडे वळू.

संस्थेचे पहिले संचालक जॉन लेनर्ड-जोन्स हे सैद्धांतिक रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. अणू-रेणूंची समीकरणे मांडता येत होती, पण ती सोडविताना माणसाचे आयुष्य पुरत नव्हते. त्यांच्यासाठी १९३५ सालीच केंब्रिजमध्ये मेकॅनो या मुलांच्या खेळण्याचे सुटे भाग जोडून समीकरणे सोडविणारे एक यंत्र बनविण्यात आले होते. नव्या संस्थेत मॉरिस विल्क्स नावाचे तरुण पदार्थविज्ञानज्ञ त्यांचे सहकारी झाले. इतक्यात १९३९ साली महायुद्ध पेटले आणि प्रयोगशाळा सरकारने युद्धकार्यासाठी ताब्यात घेतली. १९४५ साली विल्क्स परतले तेव्हा संस्थेची सूत्रे त्यांच्या हाती आली.

पुढील वर्षी अमेरिकेत नव्या इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांवर व्याख्याने झाली. विल्क्स तेथे उशिरा पोहोचले, तथापि परतीच्या जहाजप्रवासातच त्यांनी आपल्या यंत्राची रूपरेषा आखण्यास आरंभ केला. ते यंत्र म्हणजे 'एडसॅक'. त्यात सुमारे ३००० व्हॉल्व्ह होते, आणि पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्यांतून धावणाऱ्या ध्वनिलहरी ही त्याची स्मृती होती. ६ मे १९४९ रोजी या यंत्राने ० ते ९९ या अंकांच्या वर्गांचा तक्ता छापला. शाळकरी मुलाने करावे असे हे गणित. परंतु करावयाच्या क्रियांची यादी यंत्राने आपल्या पोटात साठविली होती आणि ती बदलली की तेच यंत्र दुसरे काम करू शकत होते. चहाची दुकाने चालविणाऱ्या लायन्स कंपनीने या कामास ३००० पौंडांचे साहाय्य केले आणि त्याच धर्तीवर आपल्या हिशेबांसाठी 'लिओ' हे यंत्र बांधविले. विद्येने व्यापाराकडून घेतलेले ऋण इतक्या लवकर फेडल्याची उदाहरणे थोडीच असतील.

विल्क्स यांचे खरे मोठेपण मात्र यंत्र बांधण्यात नाही, ते सर्वांच्या उपयोगी पाडण्यात आहे. १९५० च्या आरंभापासून विद्यापीठातील कोणत्याही शाखेच्या संशोधकास एडसॅकचे दार उघडे झाले. वारंवार लागणाऱ्या गणितकृतींचा तयार संग्रह डेव्हिड व्हीलर प्रभृतींनी सिद्ध केला आणि १९५१ साली त्यावर ग्रंथही निघाला. जे संशोधक तरबेज झाले त्यांना रात्री यंत्र स्वतः चालविण्याची मुभा असे. १९५३ पासून या विषयाची पदविकाही सुरू झाली. एखाद्या गावाने विहीर खणावी आणि तीवर सर्व आळ्यांतील लोकांनी पाणी भरावे, तसे हे झाले.

आणि पाणी भरावयास कोण आले पाहा. १९५० साली रोनाल्ड फिशर यांनी आनुवंशिक गुण एखाद्या प्रदेशात कसे पसरतात याचे समीकरण मांडले. ते एडसॅकवर सुटले. जीवशास्त्रातील प्रश्नासाठी असे यंत्र वापरल्याचे हे अगदी आरंभीचे उदाहरण होय. जॉन केंड्रू यांनी स्नायूंतील मायोग्लोबिन या प्रथिनाची रचना शोधण्यास घेतली. स्फटिकातून परावर्तित झालेल्या क्ष-किरणांच्या ठिपक्यांवरून रेणूचा आकार काढावयाचा होता. पहिल्या अस्पष्ट चित्रासाठी सुमारे ४०० ठिपके पुरले. १९६० सालच्या स्पष्ट चित्रासाठी सुमारे १०,००० लागले. इतके गणित हाताने होणे अशक्यच होते. १९६२ साली केंड्रू व मॅक्स पेरुट्झ यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु याच काळातील दुसरी एक हकीकत अधिक बोधप्रद आहे. अॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली हे मज्जातंतूंतून संदेश कसा जातो याचा शोध घेत होते. तंतूच्या पापुद्र्यातून सोडियम व पोटॅशियम यांचे कण कसे आत-बाहेर होतात, याचे नियम त्यांनी समीकरणांत बांधले. आता या नियमांतून खरोखर मज्जातंतूसारखा संदेश उत्पन्न होतो किंवा नाही, हे पाहावयाचे होते. नेमके तेव्हाच एडसॅक दुरुस्ती-सुधारणेसाठी सुमारे सहा महिने बंद पडले. हक्सली थांबले नाहीत. त्यांनी हाताने फिरवावयाचे ब्रुन्सविगा यंत्र घेतले आणि तंतूतून धावणाऱ्या एका संदेशाचे गणित सुमारे तीन आठवडे दांडा फिरवून पुरे केले. आकड्यांतून उमटलेली लहर माकुलाच्या मज्जातंतूत प्रत्यक्ष मोजलेल्या लहरीशी जुळली. १९५२ साली ते संशोधन प्रसिद्ध झाले आणि १९६३ साली त्यास नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. यंत्र नसताना प्रतिमान उभे राहिले. विचार नसता तर यंत्र असूनही ते उभे राहिले नसते.

१९५८ साली एडसॅक निवृत्त होऊन त्याची जागा 'एडसॅक दोन'ने घेतली. या दुसऱ्या यंत्राची एक कामगिरी आपल्या किनाऱ्यापासून फार दूरची नाही. अरबी समुद्राच्या तळाशी कार्ल्सबर्ग नावाची पर्वतरांग आहे. १९६२ साली तेथील चुंबकत्वाची मोजणी झाली, तेव्हा काही जागी ते अपेक्षेहून अधिक व काही जागी उणे आढळले. फ्रेडरिक व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी असे गृहीत धरले की, रांगेच्या मध्यातून नवा खडक वर येऊन दोन्ही बाजूंस सरकतो आणि पृथ्वीचे चुंबकत्व उलटसुलट होते तसे त्यावर पट्टे उमटतात. या गृहीतावरून चुंबकत्वाचा आलेख कसा येईल, हे यंत्राने काढून दिले आणि तो मोजणीशी बराचसा मिळाला. १९६३ सालच्या या निबंधाने खंडे सरकतात या मतास मोठे बळ दिले.

आता जुळले नाही, त्याचीही गोष्ट सांगितली पाहिजे. फ्रेड हॉइल यांनी ताऱ्यांच्या जीवनक्रमाचे गणित एडसॅकवर केले होते. विश्व सदा एकसारखेच दिसते, हे त्यांचे मत. त्याच विद्यापीठातील मार्टिन राइल यांनी रेडिओ-स्रोतांची गणती करून ते खोडण्याचा यत्न केला. १९६१ साली हॉइल यांच्या बाजूने उत्तर देण्यात कोल्हापुरात जन्मलेले त्यांचे तरुण शिष्य जयंत नारळीकर सहभागी होते. स्रोत विश्वात झुबक्यांनी विखुरलेले असतील तर गणती फसवी ठरू शकते, हे त्यांनी गणकयंत्राच्या साहाय्याने दाखविले. युक्तिवाद समर्थ होता. तथापि १९६५ साली सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरींचा शोध लागला आणि बहुसंख्य शास्त्रज्ञांचा कौल हॉइल यांच्या मताविरुद्ध गेला. प्रतिमान एखादी गोष्ट संभवनीय आहे इतकेच दाखविते. ती घडली काय, हे आकाशासच विचारावे लागते. नारळीकर १९७२ साली भारतात परतले आणि १९८८ साली पुण्यात 'आयुका' ही संस्था त्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली.

गणिती प्रयोगशाळेचे नाव १९७० साली बदलले, पुढे इमारतही बदलली. एडसॅक तर मोडीतच निघाले होते. परंतु तिने घालून दिलेली शिस्त उरली आहे. आज पावसाचा अंदाज, साथीचा अंदाज, धरणाच्या पुराचा अंदाज प्रतिमानांवरून बांधले जातात आणि त्यांवर शेतकऱ्याची पेरणी व नदीकाठच्या माणसाचे घर अवलंबून असते. यंत्राने सांगितले म्हणून मान डोलावणे हा एक आंधळेपणा आणि आकड्यांचा खेळ म्हणून हसण्यावारी नेणे हा दुसरा. यांच्या मधला मार्ग नागरिकास चालता येतो. गृहीत काय धरले आहे, ते प्रत्यक्षाशी कोठे ताडून पाहिले, आणि न जुळल्यास बदलण्याची तयारी आहे काय, हे तीन प्रश्न विचारावयास गणकयंत्र लागत नाही. श्रोतेहो, हक्सलींनी तीन आठवडे दांडा फिरविला तो अशाच एका प्रश्नाच्या उत्तरासाठी. प्रश्न विचारण्यास तर आपणांस तेवढेही श्रम नाहीत.